बापाला लिहिलेले पत्र आणि मधले हात

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांतून हिंदी शिपायांनी घरी जी पत्रे पाठवली, त्यांची दखल आजवर घेतली ती मुख्यतः इतिहासाच्या अभ्यासकांनी. आपल्या वाङ्मयसमीक्षेने त्यांच्याकडे वळून पाहिलेले नाही. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याकडे ‘पत्रवाङ्मय’ या नावाखाली जे शिकवले जाते ते थोरांचे असते. पुढाऱ्याने तुरुंगातून लेकीला लिहिले की ते वाङ्मय होते, कवीने मित्राला लिहिले की ते वाङ्मय होते. आणि खेड्यातल्या वीस वर्षांच्या पोराने गुडघाभर चिखलात बसून बापाला चार ओळी धाडल्या, की त्या ओळी ‘साधनसामग्री’ होतात. दलित आत्मकथनांनाही हाच न्याय लावला गेला होता. ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर एकामागून एक आत्मकथने येत गेली, तेव्हा सामाजिक दस्तऐवज म्हणून त्यांना मान द्यायला पुष्कळजण तयार होते. कलाकृती म्हणून त्यांच्यासमोर बसायची मात्र अनेकांची तयारी नव्हती. दस्तऐवज आणि कलाकृती यांच्यामधली ही भिंत कोणी बांधली, आणि तिच्या कोणत्या बाजूला कोणाला बसवले, हा प्रश्न मनात ठेवूनच मी ही पत्रे वाचली.

आधी हकीकत सांगतो. युद्ध १९१४च्या ऑगस्टमध्ये पेटले आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून लाहोर व मीरत या हिंदी डिव्हिजन मार्सेय बंदरात उतरू लागल्या. लढणारे, हमाल, भिस्ती, खेचरवाले, झाडूवाले असे सारे धरून युद्धकाळात सुमारे १ लाख ३८ हजार हिंदी माणसे फ्रान्सच्या आघाडीवर गेली. लढणारी शिपाईमंडळी बहुतेक पंजाब, गढवाल, नेपाळ, सरहद्द या भागांतली. १९१५च्या वसंतापर्यंत हे शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहू लागले होते. सरकारला धास्ती होती ती गदर चळवळीच्या पत्रकांची. बंडाचा विचार टपालातून पलटणीत शिरू नये म्हणून हिंदी टपालावर सेन्सॉर बसवण्यात आला. बूलोन इथल्या कचेरीत ई. बी. हॉवेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली पत्रे उघडली जात, निवडक मजकूर इंग्रजीत उतरवला जाई आणि त्याचे अहवाल वरिष्ठांकडे जात. पत्रे बहुतेक पुढे सोडली जात. ती गावोगाव पोचली, आणि गावच्या घरात कागदाचे जे होते तेच त्यांचे झाले. वाळवीने खाल्ली, चुलीत गेली, पावसात भिजली. उरले ते सेन्सॉरचे अहवाल. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतल्या साडेसहाशेहून अधिक पत्रांचे संकलन प्रसिद्ध केले.

यातली गोम ध्यानात घ्यावी. पोराने बापाला काय लिहिले ते आज आपल्याला कळते, ते बापाने पत्र जपले म्हणून कळत नाही. राज्यकर्त्याने ते चोरून वाचले म्हणून कळते. पोराची भाषा गढवाली, पंजाबी, उर्दू, पश्तू. आपल्या हाती आली ती इंग्रजी. मराठीत आणायची तर अनुवादाचा अनुवाद. समीक्षकाने शब्दकळेविषयी बोलावे तरी कशाच्या आधारावर?

आणि मधले हात एवढेच नाहीत. यातले पुष्कळ शिपाई निरक्षर होते. ते बोलायचे आणि पलटणीतला एखादा लिहिता-वाचता जोडीदार कागदावर उतरवायचा. मग पलटणीतला अधिकारी ते पाहायचा, मग बूलोनची कचेरी पाहायची. गावी पत्र पोचले की बापालाही वाचता येत नसे. मग मास्तर, पोस्टमन, दुकानदार असा कोणीतरी ते वाचून दाखवी आणि भोवती आळी गोळा होई. म्हणजे एक बाप आणि एक लेक यांच्यामधल्या खासगी बोलण्यात चार-पाच परकी माणसे बसलेली. हे पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक होते. ज्याला हे ठाऊक असते तो कसा लिहितो, हाच माझ्या मते या पत्रांचा वाङ्मयीन प्रश्न आहे.

तो बापाला एक लिहितो आणि मित्राला दुसरेच. १९१५च्या एप्रिलमध्ये ब्रायटनच्या इस्पितळातून एका गढवाली शिपायाने आपल्या मित्राला कळवले की झाडाची पाने गळून जमिनीवर रिती जागा उरू नये, तशी इथली जमीन मेलेल्या माणसांनी भरली आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत एका जखमी राजपुताने नातेवाइकाला लिहिले की हे युद्ध नव्हेच, हा जगाचा शेवट आहे, पूर्वजांनी सांगितलेले महाभारत ते हेच. बापाला लिहायला बसले की हा सूर खाली येतो. मग पेरणी झाली का, बैल कसे आहेत, धाकट्याचे लग्न ठरले का, सावकाराचे किती फिटले. मी सुखरूप आहे, काळजी करू नये. इभ्रतीचा उल्लेख येतो, सरकारच्या मिठाचा येतो. वरवर वाचणाऱ्याला ही पत्रे कंटाळवाणी वाटतील. मला ती तशी वाटत नाहीत. बापापाशी मरणाचे नाव काढायचे नाही हा आपल्या घरांचा जुना रिवाज आहे, आणि तो पाळणारा पोरगा बैलांविषयी तीनतीनदा विचारतो तेव्हा त्याला काय म्हणायचे आहे ते बापाला कळत असणारच. ज्यांना ‘सूचकता’ हा गुण फक्त नवकथेत आढळतो त्यांनी ही बैलांची चौकशी एकदा मन लावून वाचावी.

या पत्रांतली सगळ्यात गाजलेली युक्ती म्हणजे मिरीची. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरात आहे, अशा अर्थाची वाक्ये अनेक पत्रांत येतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. अधूनमधून काळ्या मिरीचा तिखटपणा लाल मिरचीहून जास्त असल्याची फुशारकीही येते. आता ही प्रतिमा आहे की नाही? आहे. पण ती शोभेसाठी आलेली नाही. उघड बोलण्याची चोरी होती म्हणून ती जन्मली. आपल्या मायबहिणींच्या जात्यावरच्या ओव्यांत, जलशातल्या सवालजबाबांत आणि गावकीतल्या आपल्या माणसांच्या दुहेरी बोलण्यात जी प्रतिमा भेटते तीही याच जातीची. अलंकारशास्त्राच्या पुस्तकांत तिला जागा नाही, कारण ती पुस्तके लिहिणाऱ्यांना चोरून बोलण्याची पाळी कधी आली नव्हती. आणि गंमत अशी की हॉवेलच्या कचेरीला ही युक्ती लगेच उमगली. ती फसली म्हणूनच अहवालात नोंदली गेली आणि म्हणूनच उरली. ज्या युक्त्या फसल्या नाहीत त्या बापाबरोबर मातीत गेल्या.

काही पत्रांत आणखी एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या घरी राहिलेले, तिथल्या बाया शेत आणि दुकान सांभाळताना पाहिलेले काही शिपाई घरी कळवतात की पोरांना शाळेत घाला, पोरींनाही घाला. महात्मा फुले यांनी जे पुण्यात १८४८ साली करून दाखवले, ते पंजाबच्या शेतकऱ्याच्या पोराला उमगायला समुद्र ओलांडावा लागला. पण उमगले, हे खरे.

इथवर सगळे ठीक. पण दलित वाचकाने हा संग्रह हातात घेतला की त्याची बोटे आपोआप नावांवरून, पलटणींवरून, गावांवरून फिरू लागतात. यात आपला कोण?

आपली माणसे त्या आघाडीवर नव्हती असे नाही. ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींचे इस्पितळ उघडले तेव्हा तिथे धर्म आणि जात पाहून नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरे केली होती. हिंदूंच्या पाण्याचा नळ वेगळा, मुसलमानांचा वेगळा. इंग्रजांनी जातिभेद इतका मन लावून सांभाळला की कुठल्या शंकराचार्यांनाही तक्रारीला जागा राहू नये. या नऊ चुलींच्या इस्पितळात मोऱ्या आणि संडास साफ करायला अस्पृश्यच आणलेले होते.

अशा एका माणसाची खूण उरली आहे. त्याचे नाव सुखा. गाव बरेली, मोहल्ला गंगापूर. इंग्लंडच्या दक्षिणेला ब्रॉकनहर्स्ट नावाचे खेडे आहे. तिथल्या लेडी हार्डिंज इस्पितळात तो झाडूवाला होता. १२ जानेवारी १९१५ रोजी तो वारला, वय ३०. हकीकत अशी सांगतात की तो अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याला चिता दिली नाही आणि मुसलमान नव्हे म्हणून मुसलमानांनी कबर दिली नाही. शेवटी तिथल्या पाद्र्याने आपल्या चर्चच्या आवारात त्याला मूठमाती दिली. तो ख्रिस्ती नव्हता, हे त्याच्या कबरीवरच्या दगडावर स्पष्ट लिहिलेले आहे. दगड गावकऱ्यांनी बसवला. त्यावर त्याचा मोहल्ला आहे, गाव आहे, वय आहे, मरणाची तारीख आहे. त्याचा स्वतःचा शब्द एकही नाही.

कोरेगावच्या स्तंभाची इथे आठवण येते. १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांत ‘नाक’ हे पद नावाला जोडलेले २२ महार शिपाई त्या दगडावर आहेत. १९२७ साली बाबासाहेब तिथे गेले आणि तो दगड आपल्यासाठी बोलू लागला. पण त्या बाविसांपैकी कोणी लढाईआधी घरी काय सांगून निघाला होता, ते दगड सांगू शकत नाही. आमच्या माणसाची नोंद दगडावर होते, कागदावर होत नाही. नाव राहते, बोलणे राहत नाही.

याला नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. यामागे एक सरकारी हुकूम आहे. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या मुंबई लष्करात महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होती, आणि त्या लष्करात शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, हे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात आवर्जून नोंदले आहे. गावच्या शाळेच्या पायरीवर बसायची मुभा नसलेला महार छावणीच्या शाळेत लिहाय-वाचायला शिकला. रामजी सुभेदार लष्करी शाळेचे हेडमास्तर होते ही गोष्ट आपण नेहमी सांगतो, पण तिचा एक साधा अर्थ सांगायचे राहून जाते. छावणीतला लेक लिहू शकत होता आणि पेन्शनीवर कोकणात परतलेला बाप वाचू शकत होता. मास्तर नको, कुलकर्णी नको, दुकानदार नको. बाप आणि लेक यांच्यामध्ये कोणाचाही हात नाही अशा पत्राची शक्यता महाराष्ट्रातल्या अस्पृश्यांच्या वाट्याला पहिल्यांदा आली ती इथे. मग लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त बळावला आणि १८९२-९३च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. आपले अभ्यासक सांगतात की यामुळे पगार गेला, पेन्शन गेले, प्रतिष्ठा गेली. मी त्यात भर घालीन: पत्र गेले.

म्हणून १९१४ साली, गढवालचा पोरगा फ्रान्समधून बापाला लिहीत होता तेव्हा, दापोली-महाडकडच्या महार पेन्शनरला पत्र येणारच नव्हते. त्याच्या पोराला कोणी पलटणीत घेतच नव्हते. तेव्हा लिहीत होता तो बाप, आणि लिहीत होता सरकारला. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० साली ब्रिटिश सरकारकडे अर्ज गेला. त्यात लष्करातल्या पूर्वजांच्या चाकरीचा दाखला होता आणि पलटणीत व पोलिसात पुन्हा घ्या ही मागणी. हे अर्ज आपण चळवळीचा इतिहास म्हणून वाचतो. मला ते पत्रेही वाटतात. युद्धावर गेलेला लेक बापाला लिहितो, ही जगाची रीत. आमच्याकडे म्हातारा बाप लेकाला युद्धावर जाऊ द्या म्हणून लिहितो. मरायला पाठवा म्हणून अर्ज करावा लागणे यापरते माणूसपण नाकारणे कोणते असेल? आणि त्या मरणाच्या वाटेवरच शाळा होती, हेही त्या बापाला पक्के माहीत होते.

आदर आहे म्हणून या अर्जांची चिकित्सा टाळू नये. १८९४च्या अर्जात आपण मूळचे क्षत्रिय आहोत असा दावा येतो. मालकाच्या मापाने आपली उंची मोजून दाखवण्याचा हा प्रकार आज आपल्याला बोचतो आणि बोचायलाच हवा. १९१०च्या अर्जात माणूस म्हणून, प्रजाजन म्हणून हक्क मागण्याकडे सूर झुकतो. सोळा वर्षांतला हा फरक फार मोठा आहे. गोपाळबाबांची मात्र मी या एका वाक्यावरून किंमत करणार नाही. ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ साली लिहिणारा माणूस क्षत्रियत्वाचा भुकेला नव्हता. समोरच्या गोऱ्या साहेबाच्या डोक्यात जी मापे होती त्यांतले एक उचलून त्याने वापरले. मिरीच्या युक्तीसारखीच ही युक्ती. कोणापाशी कोणत्या भाषेत बोलल्यावर दार उघडते हे चाचपून पाहणारी.

दार उघडले ते १९१७ साली, माणसे कमी पडू लागल्यावर. १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धाची गरज सरताच १९२१ साली मोडण्यात आली. फ्रान्समधून हिंदी पायदळ १९१५च्या अखेरीसच हलले होते, तेव्हा बूलोनच्या संग्रहात या पलटणीच्या पत्राला जागा असणे शक्यच नव्हते. मराठी मुलखातल्या इतर जातींच्या पलटणी, १०३, ११० आणि ११७ मराठा, मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला कूत पडले आणि त्यांतले वाचलेले तुर्कांचे कैदी झाले. त्यांच्याही घरांनी पत्रांची वाट किती पाहिली असेल! दुःखाच्या बाबतीत आपण जातीचा हिशेब करू नये. मात्र ते कागदावर कोणाला उतरवता आले, हा हिशेब केलाच पाहिजे. याच वर्षांत एका महार सुभेदाराचा लेक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दिवसाचे तासन्‌तास वाचत बसला होता. त्याला लिहिता येत होते, टपालही येत-जात होते. पण ज्याला लिहावे तो बाप २ फेब्रुवारी १९१३ रोजीच गेला होता.

महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली, बेळगावला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. तिथून पुढे आमच्या वस्त्यांत पुन्हा पत्रे येऊ लागली. १९७१च्या युद्धात मी पाचवीत होतो. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याचा लेक या रेजिमेंटमध्ये होता. पोस्टमन वस्तीत पाय ठेवत नसे; आमची सगळी पत्रे तो गावातल्या एका दुकानात टाकून जाई. दुकानदार ती आधी वाचायचा, मग द्यायचा. आम्ही दोन-तीन पोरे वाचती झाल्यावर म्हाताऱ्याने एक नेम केला. तो दुकानापुढे जाऊन हात पुढे करी आणि पाकीट बंद असेल तरच घेई. फोडलेले दिसले की तिथेच उभा राहून मोठ्याने कारण विचारी. महिनाभरात पत्रे बंद मिळू लागली.

ते आंतरदेशीय पत्र मी वाचत असे. पत्त्यात गाव नाही, फक्त ५६ ए.पी.ओ. म्हाताऱ्याला त्या आकड्याचा राग. “छप्पन म्हंजी कुठशिक आलं?” मायना ‘तीर्थरूप आबांस सप्रेम जय भीम’ असा. त्यातला एक शब्द ज्यांनी आम्हाला तीर्थापाशी उभे केले नाही त्यांच्याकडून आलेला, दुसरा आमच्या चळवळीतला. त्या पोराला त्यात काही विसंगत वाटत नव्हते आणि मलाही आज वाटत नाही. पुढे मग तेच, पाऊस किती झाला, म्हैस व्याली का, मी मजेत आहे. म्हातारा मायना दोनदा वाचायला लावी. मग पत्र माझ्या हातून घेऊन डोळ्यांजवळ धरी. वाचता येत नसताना तो काय पाहतो, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. एकदा विचारले, तर म्हणाला, “अक्षार त्याचंच हाय न्हवं, ते बघतो. सही वळखू येती मला.” मधला कोणी नाही एवढे त्याला तपासायचे होते.

ही पत्रे अजून घराघरांत आहेत. १९६५ची, १९७१ची, नंतरची. पेटीत, डिस्चार्ज बुकाच्या पाकिटात, बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खोचलेली. आपले विद्यार्थी प्रबंधासाठी लंडनच्या अहवालांची छायांकित प्रत मिळवतात, ते चांगलेच आहे. पण आधी आपल्या आजोबांची पेटी उघडावी. घरच्यांना विचारून पत्र उतरवून घ्यावे, शुद्धलेखन सुधारू नये, नावे झाकावीत. आणि बाजूला तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: पत्र त्याने स्वतः लिहिले की दुसऱ्याकडून लिहवून घेतले, ते घरी कोणी वाचून दाखवले, आणि ऐकताना कोण कोण बसले होते.